प्लॅस्टरातली रायफल

"मोडकी वस्तू मी नव्या घरी नेणार नाही," असं आईने जाहीर केलं, तेव्हा आमच्यासमोर नॉटिंगहॅमच्या घरातल्या चौतीस वर्षांच्या संसाराची यादी पडली होती आणि तिच्यात न मोडलेलं असं फारसं काही नव्हतं. टोस्टर एकाच बाजूने भाजत होता. घड्याळ बाबांच्या भाषेत 'कोमात' होतं. पण आईचं बोट या सगळ्यावरून घसरत घसरत खाली आलं आणि थेट बाबांच्या रायफलीवर थांबलं.

"दसऱ्यापर्यंत बरी झाली तर येऊ दे. नाही तर पोलिसांत जमा करून टाक. प्लॅस्टर घातलेली बंदूक घेऊन मी मिल्टन कीन्सला येणार नाही."

प्लॅस्टर खरोखरच होतं. बाबा हाडांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर एका जुन्या लष्करी सामानाच्या बाजारातून त्यांनी ही रायफल आणली: थ्री-नॉट-थ्री, इशापूरच्या कारखान्यातली, सन १९४३. "माझ्याच वर्षाची आणि माझ्यासारखीच हिंदुस्थानातून आलेली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. रायफल निरुपद्रवी होती. नळी कायमची बंद केलेली, पोटात वेल्डिंग, आणि तसं सरकारी सर्टिफिकेट. फक्त तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड, उभा चिरलेला होता. नवा मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून बाबांनी त्याला मांडीच्या हाडाला घालावं तसं प्लॅस्टर घातलं. त्यावर बाबांच्या मित्राने, श्रीनिवासकाकांनी, पेनाने 'लवकर बरी हो' असं लिहिलं. मग बाबाच आजारी पडले, आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेले. तात्पुरतं प्लॅस्टर तसंच राहिलं.

पहिल्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. यंदा घर विकलं गेलं आणि आई मिल्टन कीन्सला माझ्याकडे राहायला येणार होती. दसरा रविवारी होता आणि सोमवारी सकाळी सामान हलवणारी गाडी येणार होती. माझ्याकडे पाच शनिवार-रविवार होते. एका लाकडाच्या तुकड्यासाठी एवढा वेळ पुष्कळ झाला, असं मला वाटलं. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करते. जे पुस्तकात सापडतं ते जमतं, असा आमच्या व्यवसायातल्या लोकांचा एक समज असतो.

या कामासाठी एक फाईलही होती. निळी, बाबांच्या अक्षरात 'रायफल' लिहिलेली. ती मी कपाटातून काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर फोनची डिरेक्टरी ठेवली. इंटरनेटवर सगळं मिळतं. फाईल नंतर वाचता येईल.

इंटरनेटवर खरोखरच सगळं मिळालं. लिलावाच्या एका साइटवर मी दस्ता मागवला आणि मी मिल्टन कीन्सला असताना तो शेजारच्या मिसेस पिकरिंगनी ताब्यात घेतला. शनिवारी मी त्यांच्या दारात गेले, तेव्हा पार्सल त्यांच्या मांडीवर होतं.

"क्रिकेटची बॅट ना, डिअर?" त्या म्हणाल्या. "तुझे वडील खेळायचे का गं?"

"नाही, बंदुकीचं लाकूड आहे."

"हो का?" त्यांनी पार्सल अदबीने माझ्या हातात दिलं. "मग बॅटच आहे असं मी पलीकडच्या मार्गरेटला सांगितलं ते बरं झालं."

दस्ता देखणा होता. अक्रोडाचं लाकूड, पाठीवर एक ठसठशीत 'एल' कोरलेला. कारागिराचं आद्याक्षर असावं असं समजून मी त्यावरून कौतुकाने हात फिरवला. रायफलीशेजारी ठेवून पाहिला, तर आमच्या प्लॅस्टरवाल्या दस्त्यापेक्षा हा अर्धा इंच लांब.

"एवढंच ना?" श्रीनिवासकाका म्हणाले. काका बाबांचे जुने सहकारी, भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी पेशंटना औषधाने झोपवलं. निवृत्तीनंतर तेच काम ते बोलून करतात. "अर्धा इंच म्हणजे काय आहे, पूर्वी बेटा? शशिधरची करवत असेल ना घरात? मी इतकी ऑपरेशनं बघितली आहेत."

"तुम्ही पेशंटच्या डोक्याशी बसायचात, भावजी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "कापायचं ते दुसऱ्या टोकाला."

"पण लक्ष असायचं, वहिनी!"

करवत निघाली. काकांनी पेन्सिलीने रेघ मारली, मी दस्ता धरला आणि त्यांनी अर्धा इंच कापला. खरं तर एका बाजूला अर्धा आणि दुसऱ्या बाजूला पाऊण. मग कळलं की दस्ता मागच्या टोकाला रुंद आणि पुढे निमुळता होत जातो. त्यामुळे कापलेल्या टोकावर त्याची पितळी पट्टी बसवली, तर ती धाकट्या भावाला थोरल्याची टोपी घातल्यासारखी चारी बाजूंनी बाहेर आली.

"हे असं होणारच," काका म्हणाले. "मुळात तुला नक्की किती लांबी हवी, हेच आपण बघितलं नाही. आण ती रायफल. खांद्याला लावून बघायला हवं."

पुढचा प्रसंग मी थोडक्यात सांगते. काकांचं वय बहात्तर, उंची बेताची, आणि दिवाणखान्यातला उजेड फक्त खिडकीशी. काकांनी प्लॅस्टरवाली रायफल खांद्याला लावली आणि मिसेस पिकरिंगच्या बागेतल्या पक्ष्यांच्या दाणापाण्याच्या खांबावर नेम धरला. रस्त्यावरून कुत्रा फिरवत चाललेले एक गृहस्थ थांबले. कुत्रा थांबला नाही.

वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात एक तरुण पोलीस बाई उभी होती, मागे रस्त्यावर गाडी. माझ्या हातात करवत होती आणि केसांत भुसा. काकांनी न सांगता दोन्ही हात वर केले.

"सर, हात खाली घेतलेत तरी चालेल," बाई म्हणाली.

"नको, असू द्यात," काका म्हणाले.

तिने रायफल पाहिली. मग प्लॅस्टर पाहिलं. मग त्यावरची मराठी अक्षरं पाहून ती जरा गंभीर झाली.

"हे काय लिहिलंय?"

"गेट वेल सून," मी म्हणाले.

आजवर मी अनेक परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या. पण खरं उत्तर देताना इतकं खोटं बोलल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. तिने सर्टिफिकेट मागितलं. सर्टिफिकेट निळ्या फाईलमध्ये. मी जागची हलले नाही. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, डिरेक्टरी उचलली, फाईल उघडली आणि नेमका तो कागद काढला. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघत होते. मिसेस पिकरिंग खांबाशी उभ्या राहून हात हलवत होत्या.

कागद चोख होता. बाईने चहा घेतला, चिवडा दोनदा घेतला आणि जाताना सांगितलं, "काम चालू द्या. पण पडदे ओढून. आणि बाहेर नेताना झाकून न्या, प्लीज." तिने आरडाओरडा केला नाही, आम्हाला कमी लेखलं नाही, आणि काकांना अंगणातल्या पायऱ्या उतरताना हात दिला. मी तिचं नाव विचारायला विसरले, याची खंत वाटते.

पुढच्या शनिवारी मी काकांना न सांगता काम काढलं. नवा दस्ता येईल तेव्हा येईल, निदान जुना तरी काढून ठेवू. प्लॅस्टर कापलं, ते बाबांनी इतकं नीट घातलं होतं की पाऊण तास लागला. दस्त्याच्या आत मागून पुढपर्यंत एक लांबलचक स्क्रू असतो, तोच त्याला लोखंडाशी धरून ठेवतो. लांब पेचकस घातला, जोर लावला. हलेना. दोन्ही हात लावले, दात-ओठ खाल्ले. स्क्रू फिरला आणि त्याच क्षणी पुढून, जिथे माझा हातही नव्हता तिथून, काड्कन आवाज आला.

पुढचं लाकूड चिरलं होतं. जे धडधाकट होतं, ज्याच्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती, ते.

मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. एक मोडकं लाकूड होतं तिथे आता दोन झाली होती. आई दारात येऊन बघून गेली. थोड्या वेळाने तिने माझ्याजवळ चहा ठेवला आणि कपाखाली बशीऐवजी निळी फाईल होती.

मग मी ती उघडली.

आत हॉस्पिटलातला असतो तसा केसपेपर होता, बाबांनी स्वतः रेघा मारून केलेला.

'पेशंट: रायफल, स्त्री, वय ६१. जन्मस्थळ: इशापूर. तक्रार: दस्ता फ्रॅक्चर. पूर्वीचे आजार: दुसरे महायुद्ध.'

आणि खाली, दोनदा अधोरेखित:

'सूचना. आधी पुढचे लाकूड काढणे. मगच मागचा स्क्रू फिरवणे. स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. उलट क्रमाने केल्यास पुढचे लाकूड फुटते. (मी फोडले. सुप्रभाला सांगितलेले नाही.)'

"आई," मी हाक मारली, "बाबांनीही फोडलं होतं."

"मला माहीत होतं," आई आतून म्हणाली. "आवाज आला होता की."

मी हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही. बाबांचं ते अक्षर बघायला मी इतके महिने जे धैर्य गोळा करत होते, ते लागलंच नाही.

केसपेपरच्या कोपऱ्यात एक नाव आणि पत्ता होता: हॅलम, नेवर्कच्या रस्त्यावर, हिरवी शेड. रविवारी मी रायफल गोधडीत गुंडाळून गाडीत घातली. आईही निघाली. रिकाम्या खोक्यांबरोबर घरात एकटीने बसायचा तिला कंटाळा आला होता. तिने तसं सांगितलं नाही, फक्त बूट घालून दारात उभी राहिली.

मिस्टर हॅलम जुन्या बंदुकांचे कारागीर, पंचाहत्तरीचे, उंच, कानावर पेन्सिल. त्या भागात नमस्काराला 'ए अप' आणि सगळ्यांना 'डक' म्हणतात, तसं त्यांनी आईलाही म्हटलं.

"ए अप, डक. काय गुंडाळून आणलंय, बाळ?"

त्यांनी रायफल बाकावर ठेवली, पुढचं लाकूड अलगद उतरवलं आणि उजेडात धरलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

लाकडाच्या आतल्या बाजूला एक इवलीशी पोलादी पट्टी होती आणि चार स्क्रू, मनगटाच्या हाडाला बसवतात तसले. बाबांनी स्वतःची चूक त्यांना येत होती त्या एकाच पद्धतीने दुरुस्त केली होती. माझी नवी चीर मागच्या टोकापासून निघून सरळ पुढे गेली होती, आणि बाबांच्या पहिल्या स्क्रूपाशी येऊन थांबली होती.

"कुणी केलंय हे?" हॅलमनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी. ते गेले."

"हं." त्यांनी अंगठा त्या स्क्रूवरून फिरवला. "हे नसतं ना डक, तर टोकापर्यंत गेलं असतं. हे लाकूड बदलायचं नाही. या चिरेत थोडा गोंद घालतो, झालं."

मग त्यांनी दस्त्याची लांबी विचारली. मला सांगता येईना, तेव्हा त्यांनी समजावलं की शिपाई काही एका मापाचे नसतात. म्हणून दस्ते चार मापांत येत: लांब, नेहमीचा, आखूड आणि अगदी बुटक्यांसाठीचा. माप दस्त्याच्या पाठीवर कोरलेलं असतं. कारागिराचं आद्याक्षर म्हणून ज्यावरून मी प्रेमाने हात फिरवला होता, तो 'एल' म्हणजे सहाफुटी माणसाचं माप होतं. मी ही गोष्ट त्यांना सांगितली नाही. आईने सांगितली. काकांच्या करवतीसकट.

"तुझ्या वडिलांनी माप लिहून नाही ठेवलं?"

होतं. केसपेपरच्या मागच्या बाजूला.

'दस्ता. माप कोपराच्या आतून तर्जनीच्या पेरापर्यंत. माझे: नेहमीचा. चि. पूर्वीचे: आखूड. आखूड मागवणे.'

दोन हजार चारच्या नाताळात बाबांनी एकदा मला खुर्चीत ताठ बसवून, कोपर वाकवायला लावून, टेपने माझा हात मोजला होता. "कशाला?" विचारलं, तर "असंच," म्हणाले. मला वाटलं स्वेटर. स्वेटर कधी आला नाही. या गोष्टीचा मी मनातल्या मनात फार दिवस राग धरला होता, आणि एकदा फोनवर तसं आडून बोललेही होते. त्यावर ते नुसते हसले होते.

"आखूड," मी हॅलमना म्हणाले. त्यांनी आधी नाक शिंकरलं आणि मग शेडच्या मागच्या मांडणीकडे नेलं.

आखूड दस्ते अकरा होते. मी लायब्ररीत वाचलेलं सगळं आठवून त्यांचे रंग आणि ठसे तपासू लागले. आईने पर्स माझ्याकडे दिली आणि एकेक दस्ता उचलून, कानाशी धरून, बोटाच्या पेराने वाजवायला सुरुवात केली. मंडईत नारळ घेतात तसं. दोन वाजवून परत ठेवले, एकाचा वास घेतला, एकाला "पोकळ" म्हणून नापास केलं. सातवा तिने तीनदा वाजवला.

"हा. रेषा बघ, इथे बारीक होतो तिथे सरळ जातात. तो मघाचा दिसायला छान होता, पण तिथेच मोडेल."

हॅलमनी तो पाहिला आणि चष्मा कपाळावर नेला. "हे शिकायला मला सहा वर्षं लागली," ते म्हणाले. "विचार त्यांना, शनिवारी इथे कामाला येतील का."

"सांग, मी मिल्टन कीन्सला चालले आहे," आई म्हणाली. ते वाक्य तिने 'नेणार नाही', 'येणार नाही' अशा अटींशिवाय पहिल्यांदाच उच्चारलं.

आता बसवायचं. नवा दस्ता लोखंडाच्या खोबणीत असा गच्च बसला पाहिजे की स्क्रूची जवळजवळ गरजच वाटू नये. त्यासाठी खोबणीला आतून काजळी लावायची, दस्ता दाबून बसवायचा, पुन्हा काढायचा. लाकडावर जिथे काळं लागलं तिथे ते टेकतंय, तेवढंच कानशीने घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. "घाई करणाऱ्याचं काम नाही," असं सांगून हॅलमनी छोटी कानस दिली आणि मेणबत्तीची काजळी कशी धरायची ते दाखवलं. आई शेजारी उभी राहून बघत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मेणबत्तीचं नको. ते चिकट होतं."

घरी तिने निरांजन लावलं, त्यावर तांब्याची वाटी पालथी घातली आणि माझ्या बारशाला धरलं होतं तसं तुपाचं काजळ धरलं. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही दोघी पडदे ओढून जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती बोटाने काजळ लावायची, मी दाबायचे, काढायचे, घासायचे.

"अजून डावीकडे टेकतंय."

"घासलं तिथे."

"घासलं म्हणजे किती? जरासंच. तुझ्या बाबांसारखं करू नकोस, एकदा धरलं की सोडायचेच नाहीत."

एकूण एकतीस वेळा आम्ही तो दस्ता घातला आणि काढला. त्या एकतीस वेळांत आई बाबांविषयी जितकं बोलली, तितकं गेल्या दीड वर्षात बोलली नव्हती. मधेच श्रीनिवासकाका आले, त्यांनी गालावर काजळाचे पट्टे ओढलेल्या आम्हा दोघींना पाहिलं आणि सल्ला देण्यासाठी तोंड उघडलं. आईने त्यांच्या हातात चिंधी दिली आणि समोर जवसाच्या तेलाची बाटली ठेवली. लाकडाला तेच तेल चोळतात.

"जवस?" काका म्हणाले. "चटणीचा?"

"चोळा," आई म्हणाली.

बत्तीस वर्षं दुसऱ्यांना झोपवलेल्या माणसाने सलग दोन तास न बोलता दस्ता चोळला. शेवटी लाकडात त्यांचा चेहरा दिसायला लागला. मी त्यांचीही ऋणी आहे. कापलेल्या दस्त्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी तो बत्तिसाव्यांदा आत गेला आणि बाहेर आला नाही. आईने ओढून पाहिला, काकांनी ओढून पाहिला. मी आधी पुढचं लाकूड उतरवलेलंच होतं, हे इथे नमूद करते. मागचा स्क्रू घट्ट केला, पुढचं लाकूड चढवलं. दरवर्षी बाबा या दिवशी त्यांची हातोडी, करवत आणि स्टेथोस्कोप पाटावर मांडत. यंदा आईने ते मांडले, शेजारी रायफल ठेवली आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं नव्हती. मिसेस पिकरिंगनी आपल्या बागेतली लाल-पिवळी पानं परडीभरून आणून दिली आणि विचारलं, "बॅट झाली का दुरुस्त?"

"झाली," मी म्हणाले.

मग मी पडद्याआड उभी राहून रायफल खांद्याला लावली. कोपर वाकलं, बोट बरोबर जिथे जायला हवं तिथे गेलं. ना ताणावं लागलं, ना आखडावं लागलं. इतकं नीट बेतलेलं मी आजवर काही अंगावर घातलेलं नाही. काकांनी चष्मा पुसला. आई म्हणाली, "खाली ठेव आता, श्रीखंड वाढलंय."

सोमवारी आठला गाडी आली. खोकी निघाली, टोस्टर निघाला, कोमातलं घड्याळ निघालं. मोडक्या वस्तूंचा नियम केव्हाच बारगळला होता. रायफल गोधडीत गुंडाळून माझ्या गाडीत गेली. रिकाम्या दिवाणखान्यात आई एकटी उभी होती, हातात निळी फाईल.

"पेन आहे का गं?"

मी दिलं. केसपेपरच्या अगदी तळाशी बाबांनी एक ओळ मोकळी ठेवली होती: 'डिस्चार्ज'. आईने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सावकाश तारीख घातली. मग जरा थांबली, खिडकीतून मिसेस पिकरिंगच्या खांबाकडे पाहिलं आणि पुढे लिहिलं:

'प्रकृती उत्तम. दोघीही मुलीकडे.'

पेनाला टोपण लावून तिने ते मला परत दिलं, आणि बूट घालून दारात उभी राहिली.